शटडाउन

प्रणोती मडावीनं वरची खोली सोडली मार्चमध्ये,
वडशाला नोकरी लागली तिला.
जाताना पुठ्ठ्याचं खोकं माझ्या हातात दिलं.
"पंधराच दिवस, काका. क्वार्टर मिळालं की नेते."
खोक्यात ससा.
नाव सांगितलं असेल तिनं. मी ऐकलं नाही.

आता मे चालू आहे.
मानेवाड्याच्या आमच्या स्लॅबवर
पापड वाळत नाहीत, सरळ भाजतात.
पारा पंचेचाळीसवर, आणि कूलर बंद.
मोटर जळाली म्हणून मी खोलून बसलो,
पंप उपसला, ताट्या काढल्या,
कंपनीला, दुकानदाराला, नागपूरला शिव्या घातल्या.
मग रत्नमाला म्हणाली,
"काऊन जी, वायर पाहिली का?"

वायर दिवाणामागे दोन तुकड्यांत.
पक्कड घेऊन मीही इतकी सरळ कापली नसती.
तांब्याचे केस दोन्ही टोकांना उभे,
आणि वीतभर पलीकडे, फरशीला पोट लावून,
मागचे पाय लांब सोडून
तो.

बत्तीस वर्षं खांबावर काढली मी.
माझ्यासोबत चढणारा देवराव सोनकुसरे
एका दुपारी उतरला नाही,
म्हणजे आम्ही उतरवला, दोरानं.
लाइन बंद आहे, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं.
आणि हा सव्वा किलोचा जीव
चालू फेज चावून
सांभाराची काडी खातो आहे.
मी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिलो.
रागानं पाहायचं होतं.

रत्नमालानं भिवापुरी मिरची वाटून नव्या वायरला चोपडली.
सशानं चाटली, थोडा थांबला,
पाणी पिऊन परत आला.
कारल्याचा रस त्याला आवडलाच.
कडुनिंबाच्या तेलानं मात्र काम केलं:
आम्ही दोघं गच्चीवर झोपायला गेलो.

तेव्हा मी रीतसर शटडाउन घेतलं, माझ्याच घरात.
मेन पाडला. टेस्टर लावला. पुन्हा लावला.
दुसऱ्यांदा लावतो तो देवरावचा.
झाडांना पाणी द्यायचा जुना पाइप
ब्लेडनं उभा चिरला, बोट कापून घेतलं,
आणि आधी गुडघ्यांवर, मग पोटावर
त्या उंचीवर गेलो जिथं ससा राहतो.

तिथून वेगळंच घर आहे.
दिवाणाखाली एक बटाटा, माझा हरवलेला टेस्टर,
सोफ्याच्या पोटातून लोंबणारा काथ्या.
फ्रिजची वायर, मिक्सरची, टीव्हीची, चार्जरची,
एकेकीला पाइपाची बंडी घातली.
उरलेल्या खिळ्याला उंच टांगल्या.
घामानं फरशीवर माझा नकाशा उमटला.

कपाटामागे शेवटची सापडली:
करड्या रंगाची, बारीक.
फोनची. त्या फोनची, ज्यावर निरंजन
मस्कतहून दर रविवारी साडेनऊला,
आणि ज्याला रत्नमाला अजून
विणलेला रुमाल पांघरते.
चार जागी कापलेली.
टोकांवर धूळ, एका टोकाला कोळ्याचं जाळं.
म्हणजे आल्या आल्या, मार्चमध्येच
पहिली हीच खाल्ली होती यानं,
आणि घरात कुणालाच काही कळलं नव्हतं.

"आणखी एखादी आहे का जी?" आतून आवाज आला.
"नाही," मी म्हटलं. "संपल्या."

मेन वर केला. कूलर खोकला, मग चालला.
रात्री मोबाइलवर प्रणोती:
क्वार्टर मिळालं काका, रविवारी येते न्यायला.
मी काही बोलायच्या आत
रत्नमालानं फोन घेतला माझ्या हातून.
"एसटीत मरून जाईल तो, एवढ्या उन्हात.
ऊन उतरू दे वं पोरी."

दिवाणामागे कुरकुर चालू होती.
पाइप खात होता.
खाऊ दे.
दोन फूट आणखी शिल्लक आहे माझ्याकडे.