पाचवा प्रश्न

नोव्हेंबरात ओउलूला अडीचलाच दिवे लागतात.
इस्पितळाच्या तळघरात आम्ही चौघं,
रेडिएटर मधूनच खोकतो,
आणि टेबलावर अकरा देशांच्या अकरा मार्गदर्शिका,
सगळ्या एकाच दुखण्यावर:
बरगड्यांच्या खाली, कुल्ल्यांच्या वर,
दोन तळहात झाकतील एवढी जागा.

तेवीस प्रश्न. प्रत्येकाला एक ते सात गुण.
एक म्हणजे कागदावर काहीच नाही,
सात म्हणजे बोट ठेवायला जागा नाही.
उपाय बरोबर की चूक, हे आमचं काम नव्हे.
आम्ही बघतो, लिहिणाऱ्यांनी पुरावा
कुठून आणला, कसा चाळला,
कुणाला विचारलं,
आणि चहापाण्याचा खर्च कुणाच्या खात्यातून गेला.

इल्पो गुण देतो ते स्वतःच्या खिशातून दिल्यासारखे.
सांतेरी नवा आहे, सगळ्यांना पाच देतो
आणि मग मान खाली घालून खोडतो.
मीर्या बोलत नाही. पेन्सिलीला टोक करते.

मी सकाळी रुग्ण बघून आले होते.
ओइवा, बर्फ उपसणाऱ्या गाडीचा चालक,
दाराची चौकट धरून खुर्चीत उतरला,
पाण्यात उतरतात तसा.
मी त्याला सांगितलं, जे अकराही जणी सांगतात:
हालचाल सोडू नका, अंथरूण धरू नका,
एक्स-रेची घाई नको, बहुतेकांचं आपोआप उतरतं.
त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं,
"हे ज्यानं लिहिलं
त्याच्या खुर्चीला स्प्रिंगा किती?"

आठवी मार्गदर्शिका. देशाचं नाव सांगायचं नाही असं ठरलंय.
जाड, गुळगुळीत, पानापानावर रंगीत चौकटी.
पाचवा प्रश्न: ज्यांच्यासाठी हे लिहिलं
त्यांचं म्हणणं विचारलं होतं का?
मी सहा दिले होते. इल्पोनं दोन.
एवढी फट पडली की बोलावं लागतं.

"चौदावं पान," मी म्हटलं,
"समितीवर रुग्णांचा प्रतिनिधी होता."
"परिशिष्ट उघड," इल्पो म्हणाला,
"सगळ्यात शेवटचं. जे कुणी उघडत नाही."

बैठका पाच. नऊ ते चार.
प्रतिनिधी: बी. टी., पूर्वी ट्रामचालक.
पहिली बैठक: हजर, जेवणाच्या सुट्टीपर्यंत.
दुसरी: हजर, उभ्यानं.
तिसरी: निरोप आला.
चौथी: रकाना कोरा.
पाचवी: मसुदा एकमतानं मंजूर.

कुणी काही बोललं नाही.
मीर्याच्या पेन्सिलीचं टोक मोडलं, तिनं ते फुंकून टाकलं.
माझ्या कमरेत दुपारपासून एक उसण
पाय मुडपून बसली होती;
मी ती अजून कुणाला दाखवली नव्हती,
इथे कोण दाखवतं?

"विचारलं तर होतं," सांतेरी हळूच म्हणाला.
"बोलावलं होतं," इल्पो म्हणाला.

बोलावणं आणि विचारणं यांच्यामधलं अंतर
सातांपैकी किती, ते आमच्या पुस्तिकेत नाही.
मी सहाचे तीन केले. इल्पोनं दोनाचे तीन केले,
आणि तो एक गुण देताना
त्याला खरोखरच कुठेतरी दुखलं असावं.

पण ती यादी लिहिणारा जो कोणी कारकून होता,
ज्यानं नुसतं "हजर" लिहून भागवलं नाही,
"उभ्यानं" लिहिलं,
त्याच्यासाठी एखादा प्रश्न असता
तर मी डोळे मिटून सात दिले असते.

मी उठले, खुर्ची भिंतीला लावली.
मीर्यानं वर पाहिलं आणि तीही उठली,
दोन्ही हात कमरेवर, एक शब्द नाही.
किती वर्षं, मी विचारलं नाही.
इल्पो बसूनच राहिला, चष्मा पुसत.
"सहावा प्रश्न," तो म्हणाला,
"कोण वाचतंय?"

मी वाचला. उभ्यानं.