मधला स

मार्चचा पहिला आठवडा. चार वाजता धक्क्यावर
एइविन्द लाकडी खोक्यावर उभा राहतो,
कॉडचं तुटकं मुंडकं खिळ्यावर टोचतो
आणि सुरीच्या एका फटक्यात जीभ वेगळी.
तासाला दोनशे. वय वर्षं नऊ.
हिशेब स्वतः ठेवतो, वहीत, समास आखून.
तिथे त्याला कुणी पोरकट म्हणत नाही.

तोच सकाळी माझ्या वर्गात
भागाकार ऐन रंगात आला की
बाकाखालून सरपटत जातो
आणि सीलसारखा भुंकतो.

आज संध्याकाळी त्याचा बाप येणार.
त्याआधी मला एका चौकटीत
'वर्तन' या शब्दापुढे काहीतरी लिहायचंय.
एकतीस वर्षं लिहितेय.
शब्दांची कमी नाही. बेतानं बसणारा मिळत नाही.

'तुल' लिहू? फारच मऊ.
आजी नातवाला गुदगुल्या करताना तेच म्हणते,
आणि नवरा भलत्याच वाटेला गाडी घालतो तेव्हाही.
'फ्यास' या शब्दाला थोडा अत्तराचा वास आहे,
छचोर, आरशापुढे रेंगाळणारा.
एइविन्दला तर केसांना भांग असतो हेही माहीत नाही.
'फ्योलेते' मुलींना लावतात, खिदळणं थांबेना की.
मुलगे तेवढंच खिदळतात. तरी लावतात मुलींनाच.
वेंधळा? दोनशे जिभा काढून दहाही बोटं शाबूत.
व्रात्य म्हणावं तर कुणाचा तरी छळ हवा,
आचरट म्हणावं तर मीच दमलेली हवी
(शुक्रवारी चाललं असतं).

उरतात दोन, जुळी भावंडं.
बार्न्लिग. बार्न्स्लिग.
पहिल्यात मूल आहे, जसं असतं तसं.
दुसऱ्यात तेच मूल, आणि त्याच्याकडे बघून
कुणीतरी मुरडलेलं नाक.
मध्ये फक्त एक स.
आमच्या लिपीत तो गळासारखा वाकडा.
मी तो घालून लिहिलं. बालिश.
मनात उच्चारताना दातावर दात बसले.

तोरग्रिम आला. बूट दाराबाहेर,
लोकरी मोज्यातून अंगठा बाहेर,
छोट्या खुर्चीत गुडघे हनुवटीपाशी.
त्यानं तो शब्द बराच वेळ वाचला.
"म्हणजे करतो काय नेमकं?"
"सीलसारखा भुंकतो."
"कसा?"

मी दार लागलंय का पाहिलं.
मग चष्मा कपाळावर चढवून,
वय वर्षं अठ्ठावन्न,
भुंकले.

तो हसला नाही. मान तिरपी करून ऐकत राहिला,
नादुरुस्त इंजिन ऐकावं तसा.
"ही पिल्लू हरवलेली मादी झाली," म्हणाला.
"पोरगा नराचा काढतो. खालून, पोटातून."
आणि काढून दाखवला.
भिंतीवरचा नकाशा हलला.
बाहेर रागनहिल्डचं फरशी पुसणं थांबलं.

आम्ही दोघं तसेच बसून, कान लाल,
फळ्यावर सकाळचा अर्धवट भागाकार, बाकी न काढलेली.
"बोटीवर रेडिओ बंद पडला की," तो म्हणाला,
"आम्ही दोघं हेच करतो.
कधीकधी उत्तर येतं."

याला काय म्हणतात, मला ठाऊक नाही.
मी स वर रेघ मारली. शाईचा होता,
रेघेखालून गळ दिसतच राहिला.
तोरग्रिमनं सही केली,
आणि उठताना कागदावर एक खवला ठेवून गेला,
चुकून.

सकाळी माझ्या टेबलावर कागदाची पुडी.
जिभा. वर समास आखून आकडा: बारा.
भागाकाराच्या तासाला तो एकदम शहाणा,
हात घडी घालून, ओठ मिटून.

साडेदहापर्यंत मी वाट पाहिली.