टेंगूळ

सकाळी उठून आधी पाण्याला मीटर लावतो, मग तोंड धुतो.
जिंतूरच्या बोअरचं पाणी, आकडा आठशेच्या वर.
माणसाच्या किडनीला वाईट,
फ्लॉवरहॉर्नला मात्र मानवतं.
तेवढ्या एका गोष्टीत देव आमच्या बाजूनं.

आजोबा येलदरीला जाळं टाकायचे.
रोहू, कटला, कधी मरळ. किलोवर विकायचे,
ओल्या माशाबरोबर पाणीही तोललं जायचं
आणि गिऱ्हाईक भांडायचं.
माझ्या धंद्यात तागडी नाही.
डोक्यावरचं टेंगूळ केवढं, अंगावर मोती किती,
कुशीवरच्या काळ्या डागांत कुणाला काय वाचता येतं,
त्यावर भाव.
काबरा शेठला एकात श्री दिसलं होतं.
बावीस हजार मोजले.
मला डांबराचे शिंतोडे दिसत होते.
मी काही बोललो नाही.

मग नवाब.
चेन्नईहून परभणीपर्यंत रेल्वेनं,
तिथून एसटीत माझ्या मांडीवर.
फुटलेल्या डाळिंबासारखा लाल,
टेंगूळ एवढं, की काचेपाशी आधी ते पोचायचं, मागून मासा.
लाइट गेली की आमचा पंखा बंद,
त्याची हवा चालू.
बायको त्याला मोठे भाऊजी म्हणायची
आणि पदर सावरून टाकीपुढून जायची.

पाच वेळा मादीनं कवेलूवर अंडी घातली, ओळीनं.
जाळी काढली. नवाब ऐटीत फिरला,
सगळं रीतसर.
तिसऱ्या दिवशी अंडी पांढरी.
पाचही वेळा पांढरी.
हैदराबादचा इलियासभाई फोनवर हसला,
"मियाँ, जित्ता बड़ा सर, उत्ता खाली घर."

आता सांगायची नाही ती गोष्ट.
त्याच्या आदल्या वर्षी तीनशे पिल्लांचा लॉट घेतला होता.
अकरा ठेवली.
बाकीची बादलीत, आणि मी बर्फाची पिशवी फोडत होतो.
बर्फात त्रास होत नाही म्हणतात.
म्हणणारे सगळे विकणारेच.
आई उंबऱ्यात बसून बघत होती.
"तुह्या आज्यानं मारलेला मासा आम्ही खाल्ला," ती म्हणाली.
"तू कुणासाठी मारायलास?"
कोपरापर्यंत हात घालून तिनं एक उचलला,
भांड्यांच्या हौदात सोडला.
शेपटी वाकडी, रंग चुलीतल्या राखेचा,
डोकं पाटीसारखं सपाट.
तो जगला.
शितं, डासांच्या अळ्या,
वरून येणारा बांगड्यांचा आवाज.

सहाव्या वेळी रात्री दोन वाजता
मी त्याला मगात घालून आत आणलं.
बायकोलाही उठवलं नाही.
चौथ्या दिवशी बघतो तर
कवेलू हलत होतं.

आता पार्सलं जातात, नांदेड, निजामाबाद, पुण्याला दोन.
पिशवीत एक भाग पाणी, तीन भाग ऑक्सिजन,
ट्रॅव्हल्सच्या क्लीनरला पन्नास रुपये,
बाबा, डिकीत टाकू नको, पायाशी ठेव.
गिऱ्हाईक विचारतं, बाप दाखवा.
मी नवाबाचा फोटो पाठवतो.
उजेड बाजूनं, टेंगूळ पुढं.
वाईट वाटत नाही.
म्हणजे वाटतं,
गाडी चौकातून वळेपर्यंत.

संध्याकाळी आई हौदावर बसते.
परात दगडाला लागली की तो वर येतो,
वाकड्या शेपटीनं जरा उजवीकडं कलत.
खरकटं संपलं तरी हलत नाही.
काल तिनं विचारलं, "ह्याचं नाव काय ठिवलंस?"
म्हणालो, जो विकायचा नाही त्याला नाव कशाला.
ती तवा घासत राहिली.