रकाना : इतर

निविदा बंद व्हायच्या दिवशी डोंगरावर धुकं होतं
आणि खाली आवारात, रस्त्यांवर मीठ पसरणारी गाडी
एकटीच घुरघुरत उभी.
चालक आजही आलेला नव्हता.
तोच तर विषय होता.

मी नेरिस प्रॉबर्ट, खरेदी विभाग, दुसरा मजला.
वेल्समधल्या एका लहानशा काउन्सिलसाठी
अठरा वर्षांत खडी घेतली, खडू घेतले,
दफनभूमीतलं गवत कापायची यंत्रं घेतली.
यंदा आजारपण घ्यायचंय.
म्हणजे आजारी माणसं कामावर परत आणायची सेवा,
तीन वर्षांसाठी, पुढे दोन वाढवता येतील अशी.
गुणवत्तेला साठ गुण, किमतीला चाळीस.

परिशिष्ट तीनमध्ये नावं नाहीत, कायदाच तसा आहे.
कर्मचारी ४१७, कचरा संकलन, पाठ, त्रेसष्ट दिवस.
झाकली मूठ; पण गाव हे एवढंसं.
एम्लिनची पिशवी दुकानापासून दारापर्यंत
मीच नाही का उचलून नेली?
कर्मचारी ९२, शाळेचं स्वयंपाकघर, मनगट :
केइन्वेन. त्या हातानं तीस वर्षं बटाटे कुस्करले,
माझ्या मुलांच्या ताटातलेसुद्धा.
२०५, तणाव, एकशे बारा दिवस.
ही ओळ मी पटकन वर सरकवते.
तिच्या खिडकीच्या बंद पडद्यांबद्दल बोलायचं नाही
हे आमच्या गल्लीत न ठरवता ठरलंय.

आणि ३३८.
अकरा दिवस. कारण : इतर.

फोनवरच्या मुलीनं विचारलं होतं,
पाठ, पोट की मन?
मी म्हटलं, आई रोज सकाळी मला विचारते, तू कोण.
ती थोडा वेळ गप्प राहिली,
मग म्हणाली, इतर टाकते हं.
वाईट नव्हती बिचारी. तिच्यापुढेही रकानेच होते.

पहिल्या कंपनीच्या मुखपृष्ठावर इतकी हसरी माणसं
की आजारी पडावंसं वाटावं.
नऊच्या आत फोन करा, सांधे असतील तर चार दाबा.
परिचारिका दोनशे मैलांवर,
आमच्या गावाचं नाव तिच्या जिभेवर वळायचं नाही.
पण आकडा बघून वित्त विभागाचे हॉपकिन
खुर्चीत सरसावून बसले.

दुसरीनं लिहिलं, गैरहजेरीत तीस टक्के घट.
मी खुलासा मागवला : घट आजारात, की फोन करणाऱ्यांत?
सात पानी उत्तर आलं.
उत्तर तेवढं नव्हतं त्यात.

तिसरी मारेद, एकटी बाई, एक व्हॅन,
खाणीतल्या माणसांच्या छातीला कान लावत म्हातारी झालेली.
पहाटे साडेपाचला डेपोत येईन, तिनं लिहिलं होतं,
गाड्या सुटायच्या आत. ते डबे कसे उचलतात ते बघेन.
दुखल्यावर बघून काय उपयोग?

मुदत बाराची. तिचं पोचलं बारा वाजून चार मिनिटांनी.

त्या चार मिनिटांकडे मी बराच वेळ बघत बसले.
मागे कुणाच्या तरी मेहुण्याची निविदा
मुदतीनंतर कपाटात 'सापडली' होती;
त्यानंतर हा नियम लिहिला गेला.
लिहिणारी मीच.
नकाराचं पत्रही मीच लिहिलं, दोन ओळींचं,
आणि खाली सही करताना पेन दोनदा थांबलं.

काम पहिल्या कंपनीला गेलं.
फॉर्मचा नमुना मंजूर करणं मात्र आमच्याकडे असतं,
ते कुणी वाचत नाही.
'इतर'च्या पुढे मी चार बोटं रुंद जागा सोडायला लावली.
कशासाठी, कंपनीनं विचारलं.
लिहायला, मी कळवलं.

आज सकाळी मीठगाडी निघाली एकदाची.
चालवणारा नवा पोरगा खोकत होता,
दुसऱ्या मजल्यावरून काचेतूनही दिसलं.
त्याचा क्रमांक मला माहीत नाही.
अजून त्यानं फोन केलेला नाही.