रेकॉर्डिंग दोनदा ऐकवलं जाईल

लँग्वेज लॅबमधल्या अकरा नंबरच्या हेडफोनचा
उजवा कान मेलेला आहे.
मी मुद्दाम तोच घेते असं नाही,
दोन डबे पोचवून येईपर्यंत
बाकीचे डोक्यांवर चढलेले असतात.

तर डाव्या कानात कुणी मिस्टर हॅरिस
हॉटेलात खोली मागतात, तळ्याच्या बाजूची.
आणि उजव्या कानात घाटकोपर:
रस्ता फोडणारं ड्रिल,
शिपायाची फरफटणारी चप्पल,
कुणीतरी कुणाला तरी "अगं ए" म्हणतंय
आणि ती ओ देत नाहीये.
हॅरिस थर्सडेला येणार होते, आता ट्यूजडेला येतील.
किंवा उलट.
दोन्ही वार त्यांच्या तोंडात एकाच चवीचे.
मी पेन्सिलीने दोन्ही लिहिते, फिकट,
आणि दुसऱ्या वेळेची वाट बघते.

रेकॉर्डिंग दोनदा ऐकवलं जाईल.
अख्ख्या पेपरात हे एकच वाक्य
मला पहिल्या फटक्यात कळलं, आणि आवडलंही.
दोनदा कोण सांगतं एवढं?
रेशनच्या खिडकीतला माणूस तर एकदाही धड सांगत नाही.

डिक्रूझ मॅडम म्हणतात, शब्द पकडत बसू नकोस,
पुढे काय येणार ते आधी ओळख.
लिसनिंग म्हणजे निम्मा अंदाज असतो.

असल्फ्याच्या टेकडीवर, आमच्या गल्लीत
पाणी चार दहाला. कधी चार चाळीसला. कधी
नाहीच.
आई अंधारात तोटीला कान लावते,
सगळा गाल पितळेला.
आधी काही नाही. मग हवा.
मग हवेच्या मागे
लांब कुणी घसा खाकरल्यासारखं,
आणि ती म्हणते, "लाव पिंप."
पाणी अजून खाली किराण्याच्या वळणावर असतं.
सातवीत शाळा सुटली तिची.
गाळलेल्या जागा भरा, असं तिला कुणी छापून दिलं नाही.

प्रश्न चौथा, रायटिंग:
आपल्या भागातील पाणीटंचाईबद्दल
वॉर्ड ऑफिसरना तक्रारीचं पत्र लिहा. शब्दमर्यादा दीडशे.
मी हसले. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं.

आय ॲम रायटिंग टु ब्रिंग टु युवर काइंड नोटिस
यातच नऊ शब्द गेले,
थेंबभर पाणी न येता.
मग मात्र मी सुटलेच:
सुरवसे काकूंचा पाय हंड्यासकट घसरला ते,
अन्सारी चाचांची मोटर आणि तिच्यावरून झालेलं भांडण,
चौदा नंबरची विमल, जी नाइट ड्यूटीहून येऊन
तशीच झोपते, दवाखान्याच्या वासासकट.
डिक्शनरीत हंडा नाही. पॉट लिहिलं,
तर तो लगेच रिकामा वाटायला लागला.
मोजले: दोनशे बारा.

बासष्ट शब्द जास्त.
आता कुणाला काढू?
काकूंना काढावं तर हंडा एकटाच घरंगळत राहतो.
विमल तर झोपलेली आहे, तिला कसं उठवू?
शेवटी आमचीच खोली काढली.
आई गेली, पितळ गेलं, चार दहा गेलं.
एकशे एकोणपन्नास.

मॅडमनी लाल पेनाने लिहिलं:
गुड, बट टू मेनी नेम्स.
दहापैकी सहा.
आणि वरती, लिसनिंगमध्ये,
ट्यूजडेच बरोबर होता. मीच खोडला होता.

परीक्षा सोमवारी.
आज तीन पन्नासला उठून
आईच्या आधी मी तोटीला कान लावला.
बराच वेळ काही नाही.
मग काहीतरी झालं, बारीक,
काय ते कळायच्या आत संपलं.
"आलं का गं?" मागून आई.
म्हटलं, "ट्यूजडे की थर्सडे, कळलं नाही."
ती काही बोलली नाही.
पिंपाचं झाकण तिने
केव्हाच काढून ठेवलं होतं.