ताण, एक ते दहा

गुरुवारी दुपारी दोनला
चौदाव्या मजल्यावरच्या मीटिंगरूममधल्या खुर्च्या भिंतीला लावतात
आणि निळ्या चटया अंथरतात.
मेलचा विषय: श्वास घ्या.
खाली बारीक अक्षरात: उपस्थिती अनिवार्य.

काचेबाहेर मनामा पांढरी पडलेली.
भराव घातलेल्या किनाऱ्यावर क्रेन माना टाकून उभ्या.
बारा ते चार उन्हात काम नाही, कायदाच आहे.
आमचं ऊन आत आहे. त्याला कायदा नाही.

शिकवणारी बाई बेरूतची, आवाज लोण्यासारखा.
म्हणते, खांद्यावरचं ओझं अलगद खाली ठेवा.
थॉमसकुट्टी एक डोळा मिटतो,
दुसऱ्यानं चटईखालचा फोन बघतो.
महिनाअखेर आली, त्याला अजून नऊ सह्या हव्यात.

माझं इथलं नाव जनाडा.
ज्ञानदा म्हणताना जीभ जिथं टेकते
तिथं या ऑफिसात कुणाचीच टेकत नाही.
आता फोनवर मीही जनाडाच म्हणते.

मी जाहिराती लिहिते.
"निवृत्तीची पहिली सकाळ कशी असेल?"
खाली वाळूत चालणारं पांढऱ्या कपड्यांतलं जोडपं,
चाळीस दिनार भरून वर्षभरासाठी घेतलेलं.
दोघांचे दात इतके सारखे
की मला ती भावंडं वाटतात.
साहेबांना सांगितलं तर म्हणाले,
प्रतिसाद चांगला आहे, राहू दे.

ग्राहकाची जोखीम मोजायचा फॉर्मही माझाच.
प्रश्न सातवा: तुमची गुंतवणूक वीस टक्क्यांनी घसरली तर
अ) मला शांत झोप लागेल
ब) मी वाट पाहीन
क) सगळं विकून मोकळा होईन.

गेल्या महिन्यात एक जण आला, दत्ताराम घाडी,
सित्राला परांच्या बांधतो, रात्रपाळीला.
मराठी कोण आहे म्हणून माझ्या टेबलाशी आणून बसवला.
टोपी गुडघ्यावर पालथी, नखांत सिमेंट.
सातवा प्रश्न वाचून दाखवला.
हसला. म्हणाला,
"झोप लागता बाय. लागाक व्हयीच.
एका खाटीक दोन वाटेकरी,
नायतर दुसऱ्याची पाळी येता."

मी अ वर खूण केली.
संगणकाला तो धाडसी गुंतवणूकदार वाटला.
पंचवीस वर्षांची योजना, पहिल्या दीड वर्षात थांबलात तर हाती शून्य.
थॉमसकुट्टीनं मला टाळी दिली.
मी ती घेतली.

आज चटया गुंडाळल्यावर कागद वाटला.
तुमचा ताण, एक ते दहा.
तोच टाईप, तोच समास, माझेच स्वल्पविराम,
माझ्या फाईलवरून कुणीतरी उचललेला.
प्रश्न सातवा:
कामाचा भार वीस टक्क्यांनी वाढला तर
अ) मला शांत झोप लागेल.

पुढं वाचवेना.
क मध्ये "मोकळा" तसंच राहिलंय,
त्याची मी "मोकळी" केली, पेननं, उगाच.
मग माहितीपत्रकाचं एकोणिसावं पान काढलं.
ते वाक्यही माझंच, मुंगीएवढ्या अक्षरात:
सही मागे घेण्यास तीस दिवस.
कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले.
आज सत्ताविसावा.

जिन्यात जाऊन नंबर लावला.
काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं,
एवढंच की बोलताना नाव खरं सांगायचं.
बराच वेळ वाजला.
वरून बेरूतची बाई उतरत आली,
माझ्याकडं बघून पोटावर हात ठेवला,
म्हणजे इथून, खोल, असं.

आणि तिकडून आवाज आला,
जाडसर, अंधारातून ओढून काढलेला:
"कोण? बोल बाय.
आता खाटीर माझीच पाळी होती."