टाळेबंदी

टाळेबंदी म्हणले तेव्हा हसलो मी,
म्हणलं, आता आपलाच धंदा.

वसमतच्या मोंढ्यापाशी माझी छत्री, कानस,
दात न पाडलेल्या चाव्यांचा झुबका.
पण घराबाहेरच न पडणाऱ्याची
चावी हरवणार कशी?

दहा हजाराच्या कर्जाचा अर्ज दिला.
रस्त्यावर बसता त्याचा दाखला आणा म्हणले.
एकवीस वर्षं बसायलो,
दाखला काय रस्त्यानं द्यावा?
ओटीपी पोरीच्या मोबाईलवर,
अन् तिचं नेट शाळेनंच संपवलेलं.

भादव्यात नगरपालिकेचा शिपाई आला,
तोंडाला गमछा.
"खय्युमभाई, चला. बिदरकर साहेब गेले.
कपाटाची चावी घरी बी सापडंना."

साधंच कुलूप. दोन मिनिटं.
आत सॅनिटायझरचा वास,
बिस्किटाचा अर्धा पुडा,
सुतळीनं बांधलेले अर्ज.
वरून चौथा माझा.
फोटोत मी हसायलो.

चावी घासून दिली. एक जास्तीची बी दिली,
माणसाचं काय सांगावं.

किती झाले?
ऐंशी.
शिपायानं मान खाली घातली,
म्हणला, असे निघत नाहीत पैसे,
एक अर्ज द्यावा लागंल.